बिनतारी आवाजाचा परवाना

खिशातला मोबाईल फोन आणि टेबलावरचा कॉम्प्युटर यांचे सूत जुळवून देता येते, हे आता आमच्या वसई-विरारकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले आहे. फोनने कान व्हायचे आणि कॉम्प्युटरने वही. फोन घेऊन तुम्ही परसात विहिरीच्या काठावर जाऊन बसा आणि बोला. घरातल्या कॉम्प्युटरमध्ये ते बोलणे जसेच्या तसे उतरत जाते. मध्ये तार नाही. म्हणजे फोन हा कॉम्प्युटरचा बिनतारी माईक झाला. गोष्ट ऐकायला एवढीशी. तिच्यावर दिवाळी अंकात लेख कसला लिहायचा, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या गोष्टी आज फुकट मिळतात, त्यांच्यासाठी पूर्वी कुणी काय किंमत मोजली हे पाहू लागले की लहानशी गोष्टही लहान राहत नाही. या बिनतारी माईकच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात तुरुंगात गेलेली माणसेही आहेत.

मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळेत मास्तर आहे, कादंबऱ्या लिहितो, आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा जे मला उमगले तेच, आणि मला उमगले तशाच भाषेत सांगणार आहे.

आवाज दूर पोचवण्याची हौस माणसाला फार जुनी. आमच्या वसईपुरते बोलायचे तर पोर्तुगीजांनी ती घंटांकरवी भागवली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि विजयाची खूण म्हणून इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. त्यांतल्या घंटा म्हणून मेणवलीची, भीमाशंकरची आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आजही दाखवतात. घंटेचा नाद कोसभर जातो खरा, पण तिला एकच वाक्य बोलता येते. ‘या’ एवढेच ती म्हणते. कशासाठी या, कोण बोलावते आहे, हे तिला सांगता येत नाही. माणसाचे बोलणे दूर न्यायचे तर माणसाचाच गळा कामी यायचा. कीर्तनकारबुवा देवळाच्या सभामंडपात उभे राहून ओट्याबाहेरच्या बायाबापड्यांपर्यंत आख्यान पोचवीत. बालगंधर्वांच्या ऐन भराच्या काळात रंगभूमीवर माईक नव्हता. पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकाच्या कानापर्यंत सूर गेलाच पाहिजे, ही नटाची पहिली परीक्षा असे. ज्याचा गळा पहाडी, त्याचेच म्हणणे जगाने ऐकायचे, असा तो सरळ हिशेब होता. मऊ आवाजाच्या माणसाने, म्हातारीने, लाजऱ्या पोरीने बोलायचे ते शेजारच्या कानापुरतेच.

हा हिशेब बदलला तो टेलिफोनने. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने तारेतून शब्द पाठवून दाखवला. पण त्याच्या यंत्राचा आवाज फार क्षीण. पुढच्या दोन वर्षांत बर्लिनर, एडिसन आणि ह्यूज या तिघांनी आपापल्या परीने त्याला जोर आणला. युक्ती अशी की, एका पातळ पडद्यामागे कोळसा ठेवायचा आणि त्यातून विजेचा प्रवाह सोडायचा. बोलताना पडदा थरथरला की कोळशावरचा दाब कमीजास्त होतो, आणि त्याबरोबर वीजही कमीजास्त होते. म्हणजे बोलण्याची हुबेहूब छाया विजेवर पडते. डेव्हिड ह्यूजने १८७८ साली आपल्या उपकरणाला ‘मायक्रोफोन’ म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले.

येथे एक मौज ध्यानात घ्या. आपण म्हणतो, फोनला आता माईकचे काम दिले. वस्तुतः माईक वाढला तो फोनच्या पोटात! टेलिफोनसाठी घडवलेले ते कोळशाचे बोंड पुढे सभांना, नभोवाणीला उसने दिले गेले. फोनने कॉम्प्युटरचा माईक होणे म्हणजे शिकलेल्या मुलाने वडिलांच्या जुन्याच धंद्यावर परत येऊन बसण्यासारखे आहे.

मुंबईत टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज उघडले ते २८ जानेवारी १८८२ रोजी. कलकत्ता आणि मद्रास येथेही त्याच दिवशी. त्याच्या आधी पंधरा वर्षे, १८६७ च्या एप्रिलमध्ये, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली होती. म्हणजे इकडचा माणूस मुंबईला आधी जाऊ लागला आणि त्याचा आवाज मागाहून. २८ जानेवारी ही तारीख मात्र वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता तार तोडण्याची कथा. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. त्यांच्या लहरी मिलिमीटरांत मोजाव्या इतक्या आखूड होत्या. पण घंटा वाजणे वेगळे आणि बोलणे वेगळे. माणसाचा शब्द पहिल्यांदा तारेवाचून गेला तो २३ डिसेंबर १९०० रोजी. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीतील कॉब बेटावर रेजिनाल्ड फेसेंडेन नावाच्या संशोधकाने सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या मदतनिसाला विचारले, तिकडे बर्फ पडतो आहे का? जगातला पहिला बिनतारी शब्द हा असा हवापाण्याच्या चौकशीचा होता. मला हे फार बरे वाटते. फेसेंडेनजवळ माईक होता तो टेलिफोनचाच, कोळशाचा. पुढे यंत्राची शक्ती वाढली तेव्हा हे माईक इतके तापू लागले की ते पाण्याने गार ठेवावे लागत.

मुंबईत १९२३ साली हौशी मंडळींच्या ‘रेडिओ क्लब’ने कार्यक्रम ऐकवायला सुरुवात केली. पाठोपाठ २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. त्याची शक्ती दीड किलोवॅट आणि नीट ऐकू येण्याचा टापू सुमारे तीस मैलांचा. नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढले तर वसई त्याच्या जेमतेम काठावर येते. कंपनी १९३० साली बुडाली, केंद्र सरकारकडे गेले, आणि १९३६ पासून त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

येथपर्यंत ही यंत्रांची गोष्ट झाली. येथून पुढे ती कुलपांची आहे.

हवा सर्वांची, असे आपण म्हणतो. सरकार तसे म्हणत नव्हते. १८८५ च्या तार कायद्याने संदेश पाठवण्याचा हक्क सरकारने आपल्या मुठीत घेतला होताच. १९३३ च्या बिनतारी कायद्याने त्यावर आणखी एक कुलूप घातले: परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा. साधा ऐकण्याचा रेडिओ घरात असला तरी त्याचा परवाना लागे. पोस्टात जाऊन दरसाल पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, हा विधी १९८० च्या दशकापर्यंत चालला होता. अनेक घरांच्या कपाटात ती पुस्तिका अजून सापडेल. ऐकायला एवढे, तर बोलायला किती! सर्वसामान्य माणसाने हवेतून चार शब्द बोलणे म्हणजे राज्याच्या तिजोरीला हात घालण्यासारखेच होते.

आणि १९४२ साली काही तरुणांनी तो हात घातला. ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला, रात्रीतून पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा विल्सन कॉलेजातून शिकलेली बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे सहकारी यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. त्यांची लहर ४२.३४ मीटरची. आपण कोणत्या लहरीवर बोलतो आहोत हे ते निवेदनात सांगत. कोठून बोलतो आहोत हे सांगत नसत. पोलिसांच्या गाड्या यंत्राचा माग काढीत फिरत, म्हणून बिऱ्हाड सारखे हलवावे लागे. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हते ते या केंद्राने सांगितले. आपल्या विदर्भातल्या चिमूर आणि आष्टी येथे काय घडले, याची वार्ताही त्यांत होती. तीन महिन्यांच्या आत, १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, गिरगावातल्या बिऱ्हाडावर धाड पडली. खटल्यात उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या सभांना असत, ते नानिक मोटवाने यांच्यावरही हा खटला भरला गेला होता. ते निर्दोष सुटले. उषाबेन १९४६ साली येरवड्याहून बाहेर आल्या, पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० साली त्या निवर्तल्या. एका माईकपुढे उभे राहण्याची किंमत चार वर्षे! आमच्या वर्गातल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ती फोनकडे जरा निराळ्या नजरेने पाहतात.

वसईतून गेलेले पोर्तुगीज गोव्यात मात्र १९६१ पर्यंत टिकून राहिले. तेथेही आवाजाला कुलूप होते. ते फोडायला २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवीत. आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसलरॉकहून. आमच्या पालघरला लागून असलेली दादरा-नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांची जी बिनतारी यंत्रे हाती आली, तीच या कामी लावली गेली. सहा वर्षे हे दोघे रानात राहून पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून गोव्याशी बोलत राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा स्वतंत्र झाला, तेव्हा विमानात ध्वनिक्षेपक लावून त्यांनी गोव्यावरून ती बातमी सांगत फेरी मारली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

हे झाले देशकार्याचे. नाटक-सिनेमावाल्यांना बिनतारी माईक हवा होता तो वेगळ्या कारणासाठी: पायात तार अडकू नये म्हणून. अमेरिकेतल्या शुअर कंपनीने १९५३ साली ‘व्हॅगाबाँड’ नावाचा बिनतारी माईक काढला. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ या चित्रपटात रेक्स हॅरिसनने आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्यास नकार दिला, म्हणून त्याच्या टायमागे असा माईक लपवावा लागला. पण ही सारी मोठ्या पेढ्यांची चैन. आमच्या पिढीची पोरे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चार सुटे भाग आणून एफ. एम. रेडिओवर ऐकू येणारा माईक जोडीत, आणि दोन खोल्यांपलीकडे आपला आवाज गेला की नाचत. कायद्याचे पुस्तक उघडले असते तर त्या नाचालाही परवाना लागला असता!

आता कुलूप कसे उघडले ते पाहू. सर्व लहरींना सारखी किंमत नसते. सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावणाऱ्या लहरींचा एक पट्टा असा आहे, की तो फारसा कुणाला नकोच होता. अन्न गरम करणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या तेथे चालतात. त्यांच्या गोंगाटात कोण बोलणार? परंतु अमेरिकन सरकारने १९८५ साली असे काही पट्टे कमी शक्तीच्या यंत्रांना विनापरवाना मोकळे केले, आणि पडीक जमिनीत सोने निघावे तसे झाले. १९९७ साली वाय-फायचा पहिला प्रमाण-नियम ठरला. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ पासून आकाराला आलेल्या दुसऱ्या बिनतारी जोडणीला दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचे, हॅराल्ड ब्लूटूथचे, नाव मिळाले.

गोंगाटात बोलायचे कसे, याची एक युक्ती तर नटीच्या नावावर आहे. हेडी लमार ही हॉलिवूडची तारका आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार यांनी पाणतीराला दिलेला संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून लहर सारखी बदलत राहण्याची कल्पना मांडली. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ लहरी! त्यांना पेटंट मिळाले ११ ऑगस्ट १९४२ रोजी. इकडे गोवालिया टँकच्या ठरावाला तीन दिवस झाले होते. बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलण्याची पाळी काँग्रेस रेडिओवर लवकरच येणार होती, आणि तिकडे लहरीमागून लहर बदलण्याची युक्ती सरकारी दप्तरात नोंदली गेली. आजचे ब्लूटूथ याच तत्त्वावर चालते. ते सेकंदाला १६०० वेळा लहर बदलते. तत्त्व तेच, मात्र मधल्या काळात अनेकांनी स्वतंत्रपणे ते घडवले आहे, एवढे न्यायाने म्हटले पाहिजे.

आपल्याकडे हे कुलूप निघाले ते २००५ साली. त्या वर्षीच्या सरकारी राजपत्रातील नियमांनी २४० कोटींचा हा पट्टा ठरावीक कमी शक्तीच्या यंत्रांना विनापरवाना खुला केला. अधिसूचनेची तारीख २८ जानेवारी. म्हणजे मुंबईला टेलिफोनचे एक्स्चेंज उघडले त्याच तारखेला, बरोबर १२३ वर्षांनी! त्या दिवशी कुणी फटाके लावले नाहीत. पण घराघरात वाय-फाय आले, ते या चार ओळींच्या जोरावर. आजही वाटेल त्या लहरीवर वाटेल त्या शक्तीने बोलता येत नाही; २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला, त्यातही लहरींची मालकी सरकारकडेच आहे. पण हा एक चिंचोळा पट्टा आपल्या तुमच्यासाठी गायरानासारखा मोकळा आहे. काँग्रेस रेडिओची एक लहर ४२ मीटर लांब होती. आपल्या घरातली लहर साडेबारा सेंटिमीटरांची, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. मुंबई केंद्राची शक्ती दीड हजार वॉट. फोनची वाय-फायमधली शक्ती साधारण एक दशांश वॉट किंवा त्याहून कमी. एवढ्याशा शक्तीत आवाज परसातून माजघरात जातो. आपल्याला तेवढेच तर हवे असते!

तो जातो कसा, हेही थोडक्यात सांगतो. फोनच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते. त्यामागे सिलिकॉनचा इवलासा पडदा आहे. पडदा थरथरला की विजेचा बदल होतो, आणि फोन तो बदल सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा मोजून आकडे लिहून काढतो. एकेका आकड्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला ९६,००० बाइट झाले. या आकड्यांच्या लहान लहान पुड्या बांधून फोन त्या वाय-फायवरून कॉम्प्युटरला धाडतो. कॉम्प्युटरमध्ये एक छोटी आज्ञावली पाहुण्याची वाट पाहत बसलेली असते. ती पुड्या सोडते, क्रमाने लावते आणि कॉम्प्युटरला खोटेच सांगते की, तुला एक नवा माईक जोडला आहे. कॉम्प्युटरही ते खरे मानतो. अशा आज्ञावल्या अँड्रॉइड फोनांसाठी बरीच वर्षे मिळत आहेत. ॲपल कंपनीने २०२२ पासून आपल्या फोनचा कॅमेरा आणि माईक आपल्याच कॉम्प्युटरला वापरता येण्याची सोय आत बसवून दिली.

यात उशीर थोडा होतोच. पुड्या बांधायला आणि सोडायला वेळ लागतो. समजा, सेकंदाचा दहावा भाग गेला. तेवढ्या वेळात हवेतला आवाज चौतीस मीटर जातो. म्हणजे कुणी शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या कडेवरून बोलत असल्याइतकाच हा उशीर. ध्वनिमुद्रणाला त्याने काही बिघडत नाही. पेटीच्या साथीने गाणाऱ्याला मात्र तो जाचतो. ब्लूटूथने जोडलेल्या कानातल्या माईकवर आवाज कित्येकदा विहिरीतून आल्यासारखा वाटतो, कारण तेथे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० मापेच घेतली जातात. म्हणून घरातल्या वाय-फायची वाट बरी, आणि गर्दीच्या चाळीत जेथे वीस घरांची वाय-फाय एकमेकांवर ओरडतात तेथे साधी यू.एस.बी.ची तार सर्वांत बरी. फोन तोंडापासून वीतभर ठेवावा, पंखा बंद करावा, आणि भोकावर बोट ठेवू नये. एवढे केले की काम झाले.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ही विद्या आम्हां मास्तरांच्या कामी आली. जुन्या कॉम्प्युटरला माईक नव्हता, असला तर तो घरघरे, बाजार बंद. मग फोनच फळ्याशेजारी टांगला आणि कविता शिकवल्या. पण माझ्यापुरता तिचा खरा उपयोग पुढे निघाला.

आमचा हा तालुका बोलींचे आगर आहे. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची, आगऱ्यांची, पूर्वेकडच्या वारल्यांची बोली. गेल्या शतकाच्या आरंभी ग्रिअर्सनने हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली; १९०५ साली निघालेल्या तिच्या सातव्या खंडात, मराठीच्या प्रकरणात, ठाणे जिल्ह्यातल्या अशा लहान बोलींची दखल आहे. पण कागदावर शब्द उतरतो, हेल उतरत नाही. मी कादंबरीत पात्रांच्या तोंडी बोली घालतो तेव्हा हे मला पानोपानी जाणवते. आज वाड्या विकल्या गेल्या, तेथे सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, मुले शाळेत एक भाषा बोलतात आणि गाडीत दुसरी. बोली उरली ती आज्यांच्या तोंडी, आणि आज्या कुणासाठी थांबत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका ऐंशी उलटलेल्या आजींना मी बोलते करायला गेलो. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला दांड्याचा माईक पाहून त्या पदर सावरून बसल्या आणि शाळेच्या तपासणीला उत्तरे द्यावीत तशी पुस्तकी मराठी बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेवला आणि त्यांच्या मांडीवर फक्त फोन दिला. फोनवर परदेशातल्या नातवाशी त्या रोज बोलतात. फोनचे भय त्यांना नाही. “मास्तर, याच्यात कोण ऐकतंय?” असे त्यांनी विचारले. मी आतल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली आणि विचारले, साठवून ठेवू का? त्यांनी जरा विचार केला आणि हो म्हटले. शेजारणीच्या सासूची गोष्ट तेवढी पुसायची, अशी अट घातली. मग दीड तास त्या आपल्या बोलीत बोलल्या. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानांत बांधून सुकेळी कशी करायची. रहाटाचे बैल कुठे वळायचे. लग्नात कोण कुणाला काय म्हणून चिडवायचे. त्यांचा आवाज मऊ आहे, चार हातांपलीकडे ऐकू जात नाही. कीर्तनकाराच्या काळात तो जगाला कळला नसता, आणि व्हाइसरॉयच्या काळात त्याला परवाना मिळाला नसता.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. सरकारच्या परवान्याचे कुलूप या एवढ्याशा पट्ट्यापुरते गेले, पण परवाना म्हणून जी गोष्ट आहे ती संपली नाही. ती फक्त हलली. पूर्वी आवाज पाठवायचा तर राज्याला विचारावे लागे. आता आवाज घ्यायचा तर बोलणाऱ्याला विचारले पाहिजे. पूर्वी एक सरकार सर्वांचे ऐकू पाही; आता प्रत्येकाच्या खिशात एक कान उघडा आहे. अलीकडच्या फोनांत माईक चालू असला की कोपऱ्यात हिरवा किंवा नारिंगी ठिपका दिसतो. तो पाहण्याची सवय लावून घ्यावी. कोणती आज्ञावली माईक मागते आणि कशासाठी, हे ‘हो’चे बटण दाबण्यापूर्वी वाचावे. ज्या आजींनी शेजारणीच्या सासूची गोष्ट पुसायला सांगितली, त्यांना कायद्याचे कलम ठाऊक नव्हते. पण आपला शब्द आपला आहे, हे पक्के ठाऊक होते. मी ती गोष्ट पुसली, आणि पुसल्याचे त्यांना जाऊन सांगितले.

वाचकहो, दिवाळीला घर भरते. भाऊबीजेला आत्या येतात, मामा येतात, गावाकडची आजी चार दिवस राहायला येते. फराळ झाला की फोन तिच्या मांडीवर द्या आणि तिच्या लहानपणच्या दिवाळीबद्दल विचारा. आधी तिची परवानगी घ्या, मग मध्ये बोलू नका. झालेल्या ध्वनिमुद्रणाला नाव आणि तारीख घाला आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण कॉम्प्युटरही माणसासारखाच न सांगता जातो. ती काय बोलली ते लगेच ऐकले नाही तरी चालेल. पुढच्या दिवाळीला पोरांना घेऊन ऐका.